सात भाऊ, चाळीस होड्या

॥ श्री ॥
केळवठार, जि. रत्नागिरी
२० नोव्हेंबर

ती. मालनताईस,
हरिश्चंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. गणपतीत दीपकच्या रंगवलेल्या केसांबद्दल मी तुला फोनवर बोलून पाठवलं आणि ते चुकून वाडीच्या ग्रुपवर गेलं, तेव्हा तूच शपथ घातलीस की यापुढे गावाची निंदा कागदावरच करायची. म्हणून हा कागद. आपला मोहल्ल्यातला मुनाफ एसटीतून सुटल्यापासून मुंबईची खाजगी गाडी चालवतो. बावीस वर्षं तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, आता तो माझा पोस्टमन. चेंबूर नाक्यावर तुझ्या हातात देईल. उत्तर त्याच्याकडेच दे.

तर बातमी अशी की सरपंच आता थेट लोकांनी निवडायचा आहे आणि गावाला ताप चढलाय. वरच्या वाडीतून, म्हणजे आपल्यातून, दीपक उभा आहे. खालच्या वाडीतून बोटवाला सर्वेश. वर कातळाच्या सड्यावरची मतं आणि किनाऱ्यावरची मतं जवळपास सारखी, आणि मधे मोहल्ला. त्यामुळे दोघांचीही झोप उडालीय.

परवा दीपक आपल्या पडवीत आला. शाल आणली होती. आल्याआल्या माझ्या खांद्यावर घातली आणि मला ‘शाहीर’ म्हणाला. ताई, तीस वर्षं मी जाखडीच्या नाचात सवाल-जवाबाच्या बाऱ्या गातोय, पण या माणसाने आजवर मला ‘ए हऱ्या’ याशिवाय हाक मारलेली नाही. त्याला म्हणे रत्नागिरीतल्या कुणा मोठ्या पुढाऱ्याने कानमंत्र दिलाय की जाहीरनामा लोक चिवड्याखाली घेतात, गोष्ट मात्र घरी नेतात. तेव्हा त्याला एक गोष्ट हवी होती, आपल्या वाडीची, छाती फुगेल अशी.

मी दुसऱ्या दिवशी आऱ्याच्या स्टॉपवर बसची वाट बघत होतो. बस चाळीस मिनिटं उशिरा आली. तेवढ्यात झालं गाणं!

सात भाऊ कातळ फोडिती, पाणी लागले पाताळी,
त्यांच्या घामाची ही वाडी, माती लावूया कपाळी!

आपल्या विहिरीवर आहे. सात भावांनी एका रात्रीत खोदली आणि मग गाव वसलं. सातच का, तर सहा चालीत बसत नव्हते. दीपकने ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू.

तुझ्या निशिगंधाचा साखरपुडा ११ डिसेंबरला, रविवारी, खालच्या वाडीत सागरच्या आईच्या, दमयंतीबाईंच्या खळ्यात ठरलाय तो पक्का. सागर बोटीवरून सुट्टीवर आला आहे आणि मांडवासाठी स्वतः बांबू तोडतोय. दोन वाड्यांमधलं हे पहिलंच लग्न, मामा म्हणून मी नाचणार आहे. भावोजींना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तो तसाच असू दे, रागावायचं असेल तर पुढच्या पत्रात.

तुझा,
हरी


चेंबूर, २४ नोव्हेंबर

चि. हरीस,
मालनताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र आणि कोकमाची सोलं पोचली. सोलं चांगली आहेत. पत्राचं काय म्हणू? मेल्या, सात भाऊ कुठले? ती विहीर खोदली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तू पाच, नागडा उन्हात बसून चिखल खात होतास. माझ्या डोक्यावर त्या विहिरीचे दगड होते. एक रात्र नाही, दोन उन्हाळे लागले. आणि त्या साली गावात सात पुरुष धड नव्हते, सगळे मुंबईला गिरणीत.

तुझी शाल मिरव, पण शब्द जपून लिही. जाखडीत तू समोरच्या शाहिराला शिव्या घातल्यास तर बारी संपल्यावर तो तुझ्याच पंगतीला जेवतो. निवडणुकीत तसं नसतं. इथे आमच्या चाळीत मागच्या निवडणुकीत कुणीतरी एक गोष्ट सोडली होती की पाण्याची टाकी कुणाच्या आजोबांनी बांधली. दोन मजले अजून एकमेकांना तिळगूळ देत नाहीत. आणि टाकी महापालिकेची आहे!

निशीने ड्युटी बदलून घेतली आहे. साडी मोतिया रंगाची घेतली. दमयंतीला सांग की ओटीचा नारळ मी इथून आणणार नाही, तुमच्याकडे नारळाला तोटा नाही.

मायेत काही कमी नाही रे, अक्कल तेवढी वाढव.

तुझी,
मालनताई


केळवठार, २९ नोव्हेंबर

ती. मालनताईस,
हरीचा नमस्कार. वि. वि.

ताई, तुझं पत्र मिळालं तेव्हा उशीर झाला होता. गाणं धावत सुटलंय! दीपकने ते रिक्षावर भोंगा लावून फिरवलं. चार दिवसांत विहिरीवर पाटी लागली, ‘सात भावांची विहीर’. पाचव्या दिवशी कुणीतरी सात दगडांना शेंदूर फासला. सहाव्या दिवशी भावकीत भांडण, थोरला भाऊ कुणाचा पूर्वज? आता तिथे सात भावांची नऊ घराणी आहेत.

आणि रामाआजोबा! पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, त्याने पाराखाली सगळ्यांना सांगितलं की ही गोष्ट मला माझ्या आज्याने सांगितली होती, धाकट्या भावाच्या पायाला सहा बोटं होती. ताई, ती गोष्ट मी दहा दिवसांपूर्वी बसस्टॉपवर रचली! पण तो इतक्या गोडीने सांगत होता की मीच पुढे सरकून विचारलं, सहावं बोट डाव्या पायाला की उजव्या?

आता दुसरी गंमत. ही वाचून झाल्यावर पत्र चुलीत घाल. सर्वेशने मला भाट्याच्या किनाऱ्यावर गाठलं. म्हणाला, दीपकचं गाणं ऐकून माझी माणसं खाली मान घालून चालतात, मलाही एक हवं, कुणी रचलं ते कुणाला कळणार नाही. तीस वर्षांत कुणी माझ्या मागे लागलं नव्हतं, आणि आता दोन्ही बाजू! नाही म्हणवेना. दिलं करून.

चाळीस होड्या वादळात, एक बाई खडकावर,
पेटवून धरला पदर, उजेड पडे लाटांवर!

म्हणजे होडीवरच्या तांडेलाची विधवा उजेड दाखवते, चाळीस होड्या किनाऱ्याला लागतात आणि तिथे गाव वसतं. मालगुंडच्या एका गायकाकडून गाऊन घेतलं. खालच्या वाडीत बाया ऐकून रडल्या. तुला म्हणून सांगतो, हे गाणं पहिल्यापेक्षा सरस झालंय.

एकच बारीक गोष्ट. दीपकने नंतर आणखी एक कडवं मागितलं. त्याचं म्हणणं असं की नुसती छाती फुगून माणूस मतदानाला उठत नाही, समोर कुणीतरी लागतं. यमक इतकं सहज जुळलं की मी थांबलोच नाही:

कोण होते आधी रे, कोण आले मागाहून?
विचारा त्या विहिरीला, सांगेल ती आतून!

मग सर्वेशला त्याचं उत्तर हवं. तेही दिलं:

ज्यांच्या मिठावर जगलात, त्यांना म्हणता पाहुणी?
पाणी तुमचं गोड, पण आमटी आमच्याविना अळणी!

सवाल-जवाब जमून आलाय. फक्त मुनाफ काल गाडी धुताना विचारत होता की हरी, मी आणि माझं घर यातल्या कुठल्या कडव्यात येतो? सात भावांच्या आधी की चाळीस होड्यांच्या नंतर? तो हसत होता. मी पण हसलो. मग त्याच्या हातातलं फडकं घेऊन काच पुसायला लागलो.

कान पिळ, पण हात डोक्यावरून काढू नकोस.

तुझा,
हरी


चेंबूर, ४ डिसेंबर

हरीस,
आशीर्वाद यावेळी राखून ठेवते आहे.

काल दमयंतीचा फोन आला. साखरपुडा पुढे ढकलू म्हणाली. तिच्या सुनेच्या मामाची वाडी तिला ‘मागाहून आलेली’ म्हणते, तर त्यांनी तिच्या खळ्यात पाय का ठेवावा, असं तिला शेजारणी विचारतात. खालच्या बायकांनी माशाची पाटी घेऊन पाखाडीच्या पायऱ्या चढायचं बंद केलं म्हणे, आणि वरच्या वाडीने पाण्याचा टँकर खाली जाऊ दिला नाही. तासाभराने आपल्या भावकीतून फोन. खालच्या वाडीत जेवलात तर आम्ही लग्नाला नाही. तू मला यातलं काही कळवलं नाहीस. यमकं मात्र कळवलीस!

निशी रडली नाही. तिने तुझी दोन्ही गाणी फोनवर ऐकली, आणि म्हणाली की आई, हे दोन्ही हरीमामाचं आहे, ‘आतून’ आणि ‘अळणी’ एकाच तोंडातून आलंय. मग म्हणाली, मला मामाचं गाणं ऐकून पहिल्यांदाच भीती वाटली. हे वाक्य तुझ्या शालीत बांधून ठेव.

आणि ती पदर पेटवून उभी राहिली तर भाजली नाही का रे बाई? एवढं तरी कुणी विचारलं?

गुरुवारी शाळेच्या मैदानात दोन्ही उमेदवारांची एकत्र सभा आहे असं कळलं. तिथे उभा राहा आणि दोन्ही गाणी तुझी आहेत हे सांग. तू सांगितलं नाहीस तर मी रविवारी उतरेन ती स्टॉपपासून ओरडत येईन. सोबतचं दुसरं पाकीट दमयंतीच्या हातात दे. उघडलंस तर बघ.

प्रेम आहे म्हणून तर एवढी शाई खर्च केली.

मालनताई


चेंबूर, ४ डिसेंबर

दमयंतीस,
मालनचा नमस्कार. वि. वि.

विहीणबाई म्हणून लिहायला बसले होते, पण हात ऐकेना. तेव्हा दमे, मी तुला सरळच विचारते. आपण दोघी त्या विहिरीवर होतो की नाही?

तुला आठवतं ना, गावाने पहिला खड्डा वर सड्यावर खणला, दीपकच्या आज्याच्या हट्टाने. कोरडा. दुसरा खाली माडांत, तुझ्या काकांच्या हट्टाने. खारट. मग सगळे एकमेकांच्या नावाने शिव्या देत बसले. मुनाफचा आजा मोहल्ल्यातून चिरे न्यायला आला होता. त्याचा रेडा मधल्या वाटेवर बसला आणि उठेना. शेपूट पिरगाळली, पेंढा दाखवला, काही उपयोग नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला की एवढं गार लागतंय याला, तर इथेच खणा. आणि लागलं पाणी. त्यात ना भाऊ होते, ना वादळ. होत्या बायका, म्हातारे आणि आपल्यासारखी पोरं. तू माझी चुंबळ चोरलीस आणि मी दोन दिवस उघड्या डोक्यावर दगड वाहिले. ते मी विसरलेले नाही.

माझा भाऊ मूर्ख आहे. पण माझ्या मुलीने काही केलेलं नाही, आणि तुझ्या मुलानेही नाही. साखरपुडा पुढे ढकलायचा तर तू मला कारण सांग, गाणं सांगू नकोस.

जुनी ओळख आहे, तिला नवं नातं जोडायचं की नाही ते तू ठरव. मी तर पिशवी भरून ठेवलीय.

मालन


केळवठार, ९ डिसेंबर

ती. मालनताईस,
हरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल काय झालं ते सांगताना मला अजून उचक्या लागतायत, हसून की घाबरून ते कळत नाही.

मैदान भरलं होतं. वरची वाडी डावीकडे, खालची उजवीकडे, मधे इतकी मोकळी जागा की एसटी वळवता आली असती. मोहल्ल्यातली माणसं मागे भिंतीला टेकून. दीपकला चिन्ह कपबशी मिळालीय, सर्वेशला छत्री. भर थंडीत दीडशे छत्र्या उघडलेल्या. शाळेच्या गुरुजींनी मला गायला बोलावलं. मी सात भावांचं गाणं गायलो, डावीकडून शिट्ट्या. मग त्याच दमात चाळीस होड्या गायलो. डावीकडच्यांची बोटं तोंडाशीच राहिली, उजवीकडचे माना उंच करून बघायला लागले. मग वही वर धरली आणि सांगितलं की या पानाच्या पुढच्या बाजूला सात भाऊ आहेत आणि मागच्या बाजूला होड्या, दोन्ही माझ्या डोक्यातून निघालंय, यातलं काही घडलेलं नाही, मला माफ करा.

मला वाटलं होतं मारतील. ताई, त्याहून वाईट झालं. कुणी विश्वासच ठेवला नाही! डावीकडून ओरडले की याला सर्वेशने फोडला. उजवीकडून ओरडले की हा दीपकचा डाव. रामाआजोबा काठी टेकत आले आणि मला समजावलं की पोरा, तुला वाटतं तू रचलंस, पण ते भाऊच तुझ्या तोंडून बोलले. मी ज्यांना जन्म दिला ते सात जण मला खोटं पाडून गेले. मी तिथेच खाली बसलो.

तेव्हा दमयंतीबाई उठल्या. हातात तुझं पत्र. माइक घेतला नाही, त्यांना लागतच नाही, बाजारात आवाज कमावलेला. म्हणाल्या, माझ्या विहीणबाईने मला पत्र धाडलंय, त्यात तिने खोटं लिहिलंय, ते मी सगळ्यांसमोर वाचणार. आणि वाचायला लागल्या. एकेक ओळ वाचायची आणि तुझ्याशी भांडायचं, जशी काही तू समोर उभी आहेस! सड्यावरचा खड्डा कोरडा, हे बरोबर. माडांतला खारट, हेही बरोबर, पण हट्ट काकांचा नव्हता, काकीचा होता. रेड्यापाशी आल्या आणि भडकल्या. रेडा नव्हताच, म्हैस होती, आणि ती आमची होती, मुनाफच्या आज्याने मागून नेली होती!

त्यावर भिंतीपासचा मुनाफ पुढे आला. बावीस वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. म्हणाला की रेडाच होता, आमचाच होता, त्याचं नाव सुलतान, आणि त्याचं शिंग अजून आमच्या माळ्यावर आहे. तेवढ्यात वरच्या वाडीतली गोदाकाकी उठून ठणकावते की शिंग कसलं दाखवतोस, जनावर आमच्या गोठ्यातलं होतं, उजवा कान फाटका! झालं. तिन्ही वस्त्यांतल्या साठीच्या वरच्या बायका मधल्या मोकळ्या जागेत उतरल्या आणि जनावर कुणाचं यावर भांडायला लागल्या. कुणी काय वाहिलं, कुणाच्या पायावर दगड पडला, कुणी भाकरी चोरली. आठ दिवस न बोललेल्या बायका गो! पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. हसता हसता एकाची छत्री मोडली.

चुंबळीपाशी दमयंतीबाई थांबल्या. मग हळू म्हणाल्या, ती मी घेतली होती, माझं डोकं सोलवटलं होतं. आणि खाली बसल्या.

त्यानंतर कुठल्याशा सुनेने दोन्ही उमेदवारांना विचारलं की विहीर राहू द्या, नळाचं पाणी कधी येणार? सर्वेशने चाळीस होड्यांनी सुरुवात केली आणि मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. दीपकने हातातलं भाषण घडी करून खिशात घातलं. मग म्हणाला, मला माहीत नाही, पंचायत समितीत जाऊन विचारून सांगतो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण हसलंही कुणी नाही.

आज सकाळी आठ वाजता पाखाडीवर हाक आली, बांगडे घ्या, पेडवे घ्या. दारं अशी उघडली म्हणतेस! विहिरीवर पाटी लावणारे काहीजण अजून तोंड फिरवून आहेत, ते काही इतक्यात वळणार नाहीत. पण टँकर खाली गेला. दमयंतीबाईंची चिठ्ठी सोबत आहे.

या वेळी आशीर्वाद पाठवशील ना? चार दिवस त्यावाचून काढलेत.

तुझा,
हरी


केळवठार, ९ डिसेंबर

मालनीस,
दमयंतीचा नमस्कार.

कारण सापडलं नाही. तेव्हा रविवारी या. सागरने मांडव एवढा घातलाय की दोन वाड्या आणि मोहल्ला मावून जागा उरेल. म्हैस आमचीच होती, ते समोरासमोर बोलू. चुंबळ नवीन विणून ठेवलीय.

यायचं म्हणजे यायचं, आर्जव मी करत नाही.

दमयंती


केळवठार, २१ डिसेंबर

ती. मालनताईस,
हरीचा नमस्कार. वि. वि.

साखरपुड्यात तुम्ही दोघी विहिणी फुगडी घालून माडाला धडकलात त्याचे फोटो गावभर आहेत. तुझा गुडघा कसा आहे? निशी-सागरचा एकही फोटो धड आलेला नाही, सगळ्यांत मागे तुम्ही दोघी.

निकाल काल लागला. सर्वेश चौदा मतांनी आला. गुलाल उधळत मिरवणूक वरच्या वाडीत आली तेव्हा मी अर्धं दार लोटून घेतलं. पण दीपकच पुढे गेला, हार घातला आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात एक कागद दिला. पंचायत समितीतून आणलेला. नळाची योजना दोन वर्षं अडली आहे, कारण ग्रामसभेने ठरावच केलेला नाही. सर्वेशने कागद उलटसुलट वाचला आणि त्याचा गुलाल उतरल्यासारखा वाटला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेतो म्हणालाय. सात भावांची दिवाबत्ती चालू आहे. रामाआजोबा रोज फूल ठेवतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही.

आता तुला एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

मतदानाला मी सकाळीच गेलो. बोटाला शाई लावली आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो. समोर कपबशी आणि छत्री. मनात ठरलेलं होतं. जो माणूस ‘मला माहीत नाही’ म्हणाला आणि मग खरंच जाऊन विचारून आला, त्यालाच. तरी बोट हलेना. डोक्यात ढोलकी सुरू झाली. ती बाई खडकावर उभी राहिली, लाटा उसळल्या, चाळीस होड्या वळल्या. अंगावर काटा आला गो! मला ठाऊक होतं की ती बाई मी भाट्याच्या वाळूत बसून बनवलीय, तिच्या पदराला आग मीच लावलीय. तरी डोळे भरले आणि बोट आपोआप छत्रीकडे सरकायला लागलं. केंद्रावरच्या अधिकाऱ्याने दोनदा विचारलं की काका, बरं वाटतंय ना? मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि कपबशीचं बटण दाबलं.

बाहेर उन्हात आलो. मुनाफ रांगेत होता, त्याने विचारलं की काय गुणगुणतोयस? तेव्हा कळलं. मत दीपकला देऊन आलो होतो आणि तोंडात गाणं सर्वेशचं होतं, पाखाडी उतरेपर्यंत थांबलं नाही.

आणि ताई, गाणं खरंच चांगलं झालं होतं. मला त्याचंच वाईट वाटतंय.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
हरी